आईच्या गाडीचं छत

प्रिय आई,

उद्या सकाळी मी आबांना घेऊन धुळ्याला निघणार आहे. तुझ्या गाडीतून. आणि चालवणार मी! हसलीस ना? हस.  आबा दुपारचे पडलेत, रेखा शिवणाच्या मशिनवर आहे, आणि मी तीन वेळा अंगणात जाऊन टायर बघून आले. टायरचं काय बघायचं असतं ते मला ठाऊक नाही. तरी बघून आले. मग वाटलं, तुलाच लिहावं. दुसऱ्या कुणाला सांगू?

तू जळगावच्या पुढे कधी गाडी नेली नाहीस. आपल्या सावद्यापासून जळगावपर्यंत प्रत्येक वळण तुझ्या पायाखालचं. पण एरंडोल, पारोळा, तो रुंद हायवे, ते लांबलचक कंटेनर? तिकडे तुझी गाडी नवी आणि मीही नवी.

पण आत्याकडे जायचं आबांनीच काढलं. स्वतःहून! तू गेल्यापासून ज्या माणसाने ओटा सोडला नाही, तो परवा म्हणाला, "आक्काले भेटून येऊ." मी नाही कशी म्हणू? आत्याला फोन केला तर ती धुळ्याच्या बोलीत रडतच म्हणाली, "भाऊ कसा शे? त्याले दिसस का आते?" दिसतं, आत्या. आता दिसतं. पण तिथवर यायला काय काय झालं, ते तुला सांगायचं राहिलंय.

आई, त्या सकाळचं मी कुणाशीच बोलत नाही. तू ओट्याजवळ कोसळलीस, तेव्हा गाडी दारातच शेडमध्ये उभी होती. चावी खिळ्याला. टाकीत पेट्रोल. आणि घरात, शेजारी, गल्लीत चालवणारं कुणी नाही! गाडी चालवणारी एकच बाई, आणि ती खाली पडलेली. शेवटी केळी भरायला निघालेला पिकअप कुणीतरी थांबवला. मागे केळीची पानं अंथरलेली होती, त्यावर तुला निजवलं. आबा तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले. मी नोकरीला भुसावळला, निरोप मिळताच तिथल्या दवाखान्याच्या फाटकात येऊन उभी राहिले. पिकअप आला, पण तू तापीच्या पुलाआधीच गेली होतीस.

त्यानंतर आबा कुठल्याच गाडीत बसेनात. रिक्षा नाही, एसटी नाही, भाड्याची गाडी तर नाहीच. पत्र्याच्या शेडमध्ये तुझी गाडी होती तशीच उभी राहिली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मी शनिवारी शाळा सुटली की भुसावळहून यायची, रविवारी परत. मधले दिवस रेखा त्यांचं जेवणखाण बघायची. तुझ्या शिवणक्लासची तीच रेखा, जिला काज-बटण येत नाही म्हणून तू रागवायचीस. आता तुझा क्लास तीच चालवते.

आणि आबांची नजर जात होती. आधी पेपर सुटला, मग माणसं ओळखेनात. एकदा त्यांनी पाण्याचा तांब्या समजून रॉकेलच्या डब्याला हात घातला, तेव्हा रेखाने मला फोन केला. गावात तपासणीला डॉक्टर आले होते, त्यांनी बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, उशीर केला तर अवघड होईल, जळगावला आणा, म्हणाले. मी आबांपुढे हात जोडले.

"मले नही जायाचं," ते म्हणाले. "गाडीत बसून गेलेलं मानूस मी पाह्यलं."

"आईच्या गाडीत?" मी सहज विचारलं.

त्यांनी शेडच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, "तिच्या गाडीत बसीन. पन चालवीन कोन?"

तुझ्या जावयाला, संजयला, मोटारसायकलच्या पलीकडे काही येत नाही, तुला माहीतच आहे. मग कोण उरलं? मी भुसावळला मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. आई, काय सांगू! शिकवणारे सर ओरडायचे, "मॅडम, क्लच सोडा! श्वास सोडा, क्लचही सोडा!" समोरून बस आली की मी डोळे मिटायची. खरंच मिटायची. परवाना हातात आला त्या दिवशी आनंद झाला नाही, मी तो पर्सच्या तळाशी ढकलला. कारण आता 'येत नाही' म्हणायची सोय गेली.

मे महिन्याची सुट्टी लागली. ऑपरेशनची तारीख मिळाली. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलून दिली, गाडी चालू झाली. मी आबांना हात धरून आणलं आणि मागच्या सीटवर, त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं. दार लावलं.

आणि छत खाली आलं.

खरं छत नव्हे गं, छताला आतून लावलेलं कापड. इतके महिने पत्र्याखाली तापून त्याच्या मागचा फोम भुसा झाला होता. कापड आधीच फुगे येऊन लोंबत होतं, ते मला दिसलंही होतं, पण त्याचं एवढं काय असं वाटलं. दाराच्या दणक्याने ते सुटलं आणि आबांच्या डोक्यावर, तोंडावर पडलं. वरून तो पिवळा भुसा. ज्याला दिसत नाही त्याच्या तोंडावर असं काही पडलं तर त्याला काय वाटत असेल?

ते ओरडले. असं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. हाताने कापड ओढत होते, फाडत होते, आणि तुझं नाव घेत होते. मी दार उघडून त्यांना बाहेर काढलं, तर ते थरथरत खाली मातीतच बसले. "अंगावर घातलं," एवढंच म्हणत होते. "अंगावर घातलं माह्या." मला कळलं, आई. दवाखान्यात तुझ्या अंगावर पांढरी चादर घातली तेव्हा ते शेजारीच बसले होते ना.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. ऑपरेशनचं नाव काढू नको म्हणाले.

मी भुसावळला सीट कव्हरवाल्याकडे धावले. लग्नसराई, दुकानापुढे गाड्यांची रांग. तो म्हणाला, "ताई, आठ दिवस गाडी ठेवावी लागेल. अख्खं छत बाहेर काढायचं काम आहे." आठ दिवसांत तारीख निघून जाणार. आणि आबांना फोनवर सांगितलं तर ते घाबरून विचारू लागले, "गाडी नेली तर परत येईन का?"  मग मी त्याच्याकडून फोम लावलेलं क्रीम रंगाचं कापड विकत घेतलं आणि घरी आले.

घरीच करायचं ठरवलं. मी आणि रेखाने! तू दाराच्या आतल्या बाजूला केलं होतंस, तेच डोळ्यांसमोर होतं. आठवतं? रेक्झिनला उन्हाने फुगे आले, तेव्हा तू इंजेक्शनच्या सुईने त्यात चिकटवायचं सोल्यूशन सोडलं आणि लाटण्याने लाटून सपाट केलं. आबा म्हणाले होते, "पोळ्या लाटून राह्यली का?" ते फुगे आजतागायत पुन्हा उठले नाहीत. मला वाटलं, तुला जमलं तर मलाही जमेल.

कुठे जमतंय!

छत काढायचं म्हणजे आधी त्याच्याभोवतीचं सगळं काढायचं. उन्हाच्या झडपा, धरायच्या कड्या, दिवा, खांबांवरची प्लास्टिकची पट्टी. प्रत्येक क्लिप निघताना 'कट' आवाज यायचा. तुटली तर? आतलं छत म्हणजे एक मोठा, आकार दिलेला पुठ्ठाच. मागच्या दारातून ते बाहेर काढताना रेखा एका टोकाला, मी दुसऱ्या. "ताई, वाकलं! वाकलं!" ती ओरडली आणि मी जागच्या जागी गोठले. एका कोपऱ्यात घडी पडली, पण तुटलं नाही.

आम्ही जुनं कापड सोलून काढलं, वरवर झाडलं, गावातल्या दुकानातून सोल्यूशन आणलं, थापलं, नवं कापड चिकटवलं. संध्याकाळी छत परत बसवलं तेव्हा इतकं छान दिसत होतं! रेखाने टाळ्या वाजवल्या. मी तुझ्या फोटोकडे बघून हसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन बघितलं, तर छतभर फुगे. तळणातल्या पुरीसारखे! पुढे मधोमध तर एक भलामोठा, आरशाला टेकलेला. हात लावला तर कापड पुन्हा सुटून हातात आलं.

मी शेडमध्येच बसून रडले, आई. तारीख तोंडावर आलेली. आता काय सांगायचं? आणि समजा लावलंच कसंबसं, आणि रस्त्यात पुन्हा पडलं त्यांच्या अंगावर, तर? हायवेवर? पुलावर? मी चालवत असताना ते मागे ओरडायला लागले तर माझ्या हातातलं स्टिअरिंग कुठे जाईल?

तेवढ्यात भिंत चाचपत आबा आले. माझं रडणं ऐकू आलं असणार.

"काय झालं व?"

"पुन्हा सुटलं."

"काढ बाहेर," ते म्हणाले. "पाहू दे."

पाहू दे म्हणाले! आम्ही छत काढून बाजेवर आडवं टाकलं. पुठ्ठ्यावर त्यांनी हात फिरवायला सुरुवात केली. पहिल्यांदा हात लावला तेव्हा बोटं अशी मागे घेतली, जणू चटका बसला. मग पुन्हा टेकवली. बराच वेळ नुसते चाचपत राहिले. मला वाटलं, आत्ता उठून जातील. नाही उठले.

"हा भुसा तसाच ठेवला तुम्ही," ते म्हणाले. "भुश्याले चिटकलं ते. पुठ्ठ्याले नही."

मग ब्रश मागितला. कपडे घासायचा दिला. आई, तो माणूस अंधार पडेपर्यंत बाजेपाशी बसून तो पुठ्ठा घासत होता. घासायचं, फुंकायचं, बोटाने बघायचं, पुन्हा घासायचं. रेखा आणि मी हात लावायला गेलो तर "तुमाले दिसते म्हनून तुमी सोडून देता" म्हणून आम्हाला बाजूला केलं. नाकावर तुझी जुनी ओढणी बांधली होती. मी ती हवी का विचारलं नव्हतं, त्यांनीच कपाटातून चाचपून काढली होती.

मी सीट कव्हरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, ते साधं सोल्यूशन आपल्याकडच्या उन्हात विरघळतं. गरमीला टिकणारा स्प्रे येतो, तो न्या." त्याच दिवशी भुसावळला गेले, बसने. स्प्रे मिळाला, पण क्रीम कापड संपलं होतं. एकच रंग शिल्लक, गडद डाळिंबी. रंग बघत बसायची ती वेळ होती का? घेतलं.

या वेळी स्प्रे पुठ्ठ्यालाही मारला आणि कापडालाही. सुकेपर्यंत थांबलो. रेखा आणि मी कापड ताणून धरायचो आणि आबा मधोमधून कडेकडे तळहात फिरवत जायचे. "थांब. इथी हवा राह्यली." आम्ही उचलायचो, पुन्हा टेकवायचो. आम्हाला काही दिसत नसायचं, पण त्यांच्या बोटाला लागायचं.

मग गाडी मुद्दाम उन्हात उभी केली. मी दर थोड्या वेळाने जाऊन आत डोकावायची. फुगा आला? नाही. आता? नाही. रेखा वैतागून म्हणाली, "ताई, तुमच्या बघण्यानेच पडेल ते." दोन दुपारी गेल्या. छत जागचं हललं नाही. पण माझी धाकधूक काही गेली नाही.

निघायच्या सकाळी आबा गाडीशी येऊन थांबले. दार उघडं होतं. ते आत बसेनात. मी दार धरून उभी राहिले.  शेवटी त्यांनी आधी हात आत घातला, छताला लावला, आणि मग वाकून बसले. हात मात्र वरच. पिंपरूड गेलं तरी हात वरच. मी आरशात रस्ता कमी आणि छतच जास्त बघत होते, ते त्यांना कसं कळलं कोण जाणे.

"तू समोर पाह्य," ते म्हणाले. "मी धरून बसलो. पडू नही देत."

तापीच्या पुलाच्या तोंडाशी माझी गाडी बंद पडली. बरोबर तिथेच! मागे ट्रक, त्याचा भोंगा.  चावी फिरवली, बंद. फिरवली, बंद. मागून आबांचा आवाज आला, अगदी हळू. "तिचा श्वास इथीच थांबला होता." मला वाटलं, संपलं, आता ते उतरतील. पण ते पुढे म्हणाले, "वाजवू दे त्याले भोंगा. तू सावकाश कर." तिसऱ्यांदा गाडी चालू झाली. आम्ही पूल ओलांडला, आई. ते रडत होते की नाही, मी मागे वळून बघितलं नाही. समोर पाह्य म्हणाले होते ना.

ऑपरेशन नीट झालं. बाहेर बाकावर बसून मी नखं खाल्ली, एवढंच. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, धूळ टाळा म्हणाले. गाडीत बसल्या बसल्या आबांनी चष्मा वर केला आणि छताकडे बघितलं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल.

"हे काय व?" ते म्हणाले. "लग्नाचा मांडव केला का गाडीचा?"

मी इतकी हसले! कितीतरी महिन्यांनी. डाळिंबी छत खरंच मांडवासारखं दिसतं. तुला तर मुळीच आवडलं नसतं. सीटला मॅच नाही म्हणून तू उसवायला घेतलं असतंस.

 पण जळगावच्या बाहेर पडलो तेव्हा आबा म्हणाले, "तुझे हात कापून राह्यले."

"नाही, आबा."

"मले दिसते आता."

 जाताना मी सबंध रस्ता उगाच बडबड करून वेळ मारून नेली होती. आता लपवता येईना. म्हटलं, "हो. भीती वाटते. दर वेळी वाटते."

"तुझ्या मायलेबी वाटे."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवलीच. "आईला? आई घाबरायची?"

"फैजपूरले जायाचं असलं तरी. चाबी घेतली का पहिले पानी पिये, हात पुसे, मंग बसे. मले मांगं बसवे, मानूस बाजूले असलं का अजून घाबरे." मग म्हणाले, "तुले सांगू नको म्हने. पोरीनं ऐकलं तर ती शिकनार नही."

आई! हे काय केलंस तू? मला वाटायचं, तू जन्मतःच निडर. लग्नाचे ब्लाउज पोहोचवायला भर उन्हात ट्रकांच्या मधून गाडी काढणारी माझी आई! तुला बघूनच मी ठरवून टाकलं होतं की हे आपलं काम नाही, आपण भित्र्या. तुझे हात कापतात हे एकदा जरी मला दिसलं असतं, तरी मी तुझ्या शेजारी बसून शिकले असते. तेव्हाच. आणि मग त्या सकाळी... नाही, ते वाक्य मी पुरं करणार नाही. तू माझ्या भल्यासाठीच लपवलंस. पण आई, नको होतं लपवायला.

रागावले नाही मी. थोडी रागावले. पण त्याहून जास्त बरं वाटलं, हे खरं. आता स्टिअरिंगवर हात ठेवला की वाटतं, ही थरथर तुझ्याकडूनच आली असेल, नाक आणि कपाळ आलं तशी.

उद्याची भीती काही कमी झालेली नाही. पारोळ्याच्या पुढे रस्ता कसा आहे, कुठे वळायचं, आबांना मध्ये त्रास झाला तर कुठे थांबायचं, सगळं डोक्यात भणभणतंय. आबा उठलेत वाटतं, ओट्यावरून विचारतायत, हवा भरली का. भरली, आबा. दोनदा भरली.

काल रेखाने मशिन थांबवून हळूच विचारलं, "ताई, मला शिकवाल गाडी?" आणि लगेच म्हणाली, "नको, जाऊ द्या, मला भीती वाटते." तेव्हा मी विषय बदलला. पण तुला शब्द देते. धुळ्याहून आले की मी तिला शिकवायला घेणार. या दारात चालवणारी एकटीच बाई पुन्हा कधी राहणार नाही. आणि पहिल्याच दिवशी, चावी तिच्या हातात देताना, माझे हात तिला बघू देईन. दोन्ही. कापत असतील तसेच.

तुझ्यासारखीच घाबरट,
तुझी ज्योती